मदत हवी आहे: वजन ११८ किलो, गरोदरपणाचा विसावा आठवडा, ठाण्यात बाळंतपणासाठी नाव कुठे नोंदवावं?

धाकटी बहीण कासारवडवलीला राहते, पहिलटकरीण, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४४. मधुमेहासाठीची ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी नॉर्मल आली, बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन चालू आहे.

जवळच्या नर्सिंग होममध्ये बीपी १५०/९६ आलं, आम्ही हादरलो. दुसरीकडे मोठा कफ (बीपी मोजताना दंडाला बांधायचा पट्टा) बांधला तर १२८/८०! आखूड पट्टा दंडाला पुरत नव्हता, म्हणून आकडा खोटाच वर गेला होता. सोनोग्राफीत बाळाचं हृदय नीट दिसलं नाही, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. आता नर्सिंग होमवाले म्हणतात, "इथे भूल देता येणार नाही, मोठं हॉस्पिटल बघा."

कृपया वजन कमी करायचे सल्ले नकोत, ती आधीच रडकुंडीला आलीये.

ठाणे-नवी मुंबईत भूलतज्ज्ञ बाळंतपणाआधीच तपासतात आणि एवढं वजन पेलणारं ऑपरेशन टेबल आहे, असं हॉस्पिटल कुणी स्वतः अनुभवलंय का?