मास्कमुळे चेहऱ्यावर पुरळ, काय लावावं?

गिरणीवाली
नमस्कार मंडळी. आमची पिठाची गिरणी, सोबत मिरची कांडप. मार्च ते मे नुसती झुंबड असते. सकाळी नऊ ते रात्री आठ तोंडाला मास्क, वरून ओढणी. काढला तर ठसक्याने जीव जाईल. पण यंदा तोंडाभोवती आणि हनुवटीवर बारीक लाल पुरळ उठलंय, नाकाचं हाड सोलवटलंय. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चार दिवसांत चेहरा साफ, सोडली की दुप्पट. तीनदा झालं असं. काय करू? घरगुती उपाय असला तरी चालेल.

खमंग_फोडणी
बेसन, हळद आणि लिंबू. आमच्याकडे सगळ्याला हेच :)

नाइट_ड्यूटी
अहो, सोललेल्या कातडीवर लिंबू? नको हो!
गिरणीताई, मी नर्स आहे. २०२० मध्ये पीपीईच्या आत एन ९५ लावून पूर्ण पाळी काढायचो, सगळ्यांच्या नाकांची हीच गत. घाम, श्वासाची वाफ आणि सततचं घासणं, या तिघांचं हे काम. आधी ती ओढणी काढा, तिने आत भट्टी होते. मास्क दमट झाला की बदला, चार-पाच सोबतच ठेवा. कापडी असेल तर रोज धुवा आणि भरपूर पाण्यात खळबळा, राहिलेला साबणही चावतो. एन ९५ मात्र धुवायचा नाही. मास्कच्या अर्धा तास आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर, पातळच. पावडर-बिवडर नको.
आणि मिरचीचे हात! तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, तेलात विरघळतो. हाताला गोडेतेल चोळून पुसा, मग साबण, मगच मास्कला हात लावा.

चिठ्ठी_दाखवा
फार्मासिस्ट आहे. ट्यूबचं नाव नको, मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय?

गिरणीवाली
क्लोबेटासोल, पुढे आणखी दोन नावं.

चिठ्ठी_दाखवा
वाटलंच. ताई, हे फार जालीम स्टेरॉइड. चेहऱ्याच्या पातळ कातडीसाठी नाहीच, आणि चिठ्ठीशिवाय द्यायलाच नको होतं (आमच्याच धंद्यातले लोक, काय बोलणार). ते पुरळ दाबून ठेवतं, सोडलं की उसळून येतं. तोंडाभोवतीचं असं पुरळ कधीकधी स्टेरॉइडमुळेच येतं, म्हणजे आता सगळा दोष मास्कचा नसेलही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ट्यूब सोबत न्या. बंद केल्यावर काही दिवस जास्तच भडकेल. घाबरून पुन्हा लावू नका, इथेच सगळे फसतात.

खमंग_फोडणी
लिंबू मागे घेतलं.

गिरणीवाली
:) बुधवारी गिरणी बंद असते, तेव्हा जाऊन येते. ओढणी आजच काढली. सासूबाई म्हणाल्या, निदान डोक्याला तरी बांध, केसांत तिखट जातं. अजून एक, कानामागे रबर काचतं त्याचं काय?

नाइट_ड्यूटी
डोक्यामागून पट्ट्या जाणारा मास्क घ्या. ओढणीवरूनच बांधा, सासूबाईही खूश.