शर्ट बाबांचा चालतो, पण त्यावर ‘शालीन’ ही पाटी कशाला?

काजबटण
परवा सोलापूरच्या नवी पेठेत एका दुकानात शिरले. लेडीज मजला बघून क्षणभर वाटलं, चुकून जेंट्समध्ये आले. ढगळ शर्ट, पुढे प्लीट्स घातलेल्या रुंद पँटी, खांदे उतरलेले ब्लेझर, कॉलरचे लांब कुर्ते. सध्या बायकांच्या कपड्यांत मेन्सवेअरचा ट्रेंड आहे ना, तोच. मी अकरावीपासून बाबांचे जुने शर्ट घालत आलेय, त्यामुळे आनंदच झाला. एक पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट हातात घेतला तर दुकानातली मुलगी म्हणाली, “घ्या ना मॅडम, एकदम शालीन आहे. घरचेसुद्धा काही बोलणार नाहीत.”

मी चाळिशीला आलेली बाई. हिशेबाच्या कामावर आहे, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. माझ्या घरचे काय बोलणार? शर्ट ठेवून दिला.

घरी येऊन चिडचिड कशाची झाली ते शोधत बसले. बाबांचा शर्ट मी अंग झाकायला कधीच घातला नव्हता. घातला तो खिशासाठी. पंजाबी ड्रेसला खिसा नाही, त्यामुळे एका हातात फोन, एका हातात किल्ली, आणि ओढणी सावरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. एकदा सात रस्त्याला ओढणी स्कूटीच्या चाकात गेली, मानेवर वळ उठला. त्या दिवसापासून ओढणी बंद.

आता गंमत ऐका. त्या दुकानात मी पाच लेडीज शर्ट तपासले. तीन शर्टांच्या छातीवर खिशाचा फ्लॅप होता, बटणासकट. उचलून पाहिलं तर आत काहीच नाही. फ्लॅप थेट शर्टावर शिवून टाकलेला. झाकण आहे, खिसा नाही! माझ्या मते या सगळ्या ट्रेंडचं सार त्या फ्लॅपमध्ये आलं. पुरुषांच्या कपड्यातली सोय काढून घेतली, झाकणं तेवढं ठेवलं आणि वर ‘शालीन’ म्हणून विकायला मांडलं.

पटतंय का कुणाला?

कडक भाकरी
अगं बाई, मेन्सवेअर मेन्सवेअर काय करताय. आमच्या मंगळवेढ्याकडं ज्वारी काढायला जाणारी प्रत्येक बाई साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा फुल बाह्यांचा शर्ट चढवते. पातीनं हात चिरतात, ऊन भाजतं. माझ्या सासूबाईंचा एक खाकी शर्ट होता, सासऱ्यांचा. कोपराला दोन ठिगळं, खिशात तंबाखूची डबी. त्यांचं फॅशन बिशन काही नव्हतं, पण रुबाब काय सांगू!

आणि ब्लेझर? सोलापुरात? मे महिन्यात पारा 43-44 ला टेकतो तेव्हा घालून दाखवा, मग बोलू. मला विचाराल तर इरकलीसारखं वस्त्र नाही. मोकळं, सुती, धुवायला सोपं.

टॉवेलपट्टी
माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. बाईनं बाईसारखं दिसावं यात काय वाईट आहे? ऑफिसात मागून बघितलं तर साहेब का मॅडम कळत नाही. आणि हे एकतर्फीच का? मी उद्या बायकोचा कुर्ता घालून पार्क चौकात उभा राहिलो तर तुम्हीच हसाल.

सात रस्ता आठवा मी
@टॉवेलपट्टी घाल की बे. पण आधी खिसा हाय का बघ, गाडीची किल्ली कुठं ठेवतोस ते कळंल.

काजबटण
@टॉवेलपट्टी हसणार नाही, ओढणी कशी सांभाळतात ते शिकवेन. आणि साहेब का मॅडम ते मागून कळायची गरज कुणाला आहे?

@कडक भाकरी काकू, सासूबाईंचा शर्ट म्हणजे माझाच मुद्दा! कामासाठी घातलेला, खिसा असलेला. आणि इरकलीला मोकळं म्हणताय ते मान्य, पण किल्ली कुठे ठेवायची? कनवटीला?

कडक भाकरी
कनवटीलाच. आणि पैसे पण. चाळीस वर्षांत एकदाही पडले नाहीत.

पुण्यातला सोलापूरकर
थोडा इतिहास, कारण झाकणं आणि शालीनता एकच असं सगळे धरून चाललेत. पॅरिसमध्ये 1800 साली पोलिसांनी हुकूम काढला की बाईला पुरुषी कपडे घालायचे तर परवानगी घ्यावी लागेल. तो हुकूम आता लागू नाही असं तिथल्या सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते थेट 2013 मध्ये. अमेरिकेत 1851 च्या सुमाराला काही बायकांनी आखूड झग्याखाली घोट्यापर्यंत ढगळ तुर्की विजार घालायला सुरुवात केली. अमेलिया ब्लूमर या संपादिकेने आपल्या वृत्तपत्रातून तिचा पुरस्कार केला, म्हणून विजारीला नाव पडलं ब्लूमर. त्यात पायाचा कणसुद्धा दिसत नव्हता. तरी वर्तमानपत्रांनी इतकी टिंगल केली की बहुतेकींनी काही वर्षांत ती सोडून दिली. म्हणजे अंग पूर्ण झाकलेलं आणि तरीही निर्लज्ज! उलट आपली नऊवारी बघा. पोटऱ्या उघड्या, काष्टा मागे खोचलेला, आणि तिच्याइतकं सोज्वळ काही नाही असं आपणच म्हणतो. तेव्हा आक्षेप कापडावर नसतोच. बाई पुरुषाच्या जागेवर येऊन बसते की काय, या धास्तीवर असतो.

1966 मध्ये फ्रान्सच्या इव्ह साँ लोराँ या फॅशन डिझायनरने बायकांसाठी टक्सिडो, म्हणजे पुरुषांचा पार्टीचा काळा सूट काढला, ‘ल स्मोकिंग’. त्याच्या आधी, 1930 च्या ‘मोरोक्को’ सिनेमात मार्लेन डीट्रिश या नटीने टोपीसकट पुरुषी टेलकोट घातला होता. आज नवी पेठेत लटकलेला ब्लेझर त्याच घराण्यातला आहे, आणि ते घराणं ‘शालीन’ कधीच नव्हतं. बंडखोर होतं.

टॉवेलपट्टी
पॅरिस-अमेरिका राहू दे. आमचा युनिफॉर्मचा धंदा आहे, ट्रेंड का आला ते आतलं सांगतो. फिटिंगच्या कपड्याला साइझ किती लागतात? छाती वेगळी, कंबर वेगळी, वर आखूड-लांब. ढगळ कपड्यात तीन साइझमध्ये काम भागतं. पॅटर्न कमी, माल पडून राहायची भीती कमी, ऑनलाइन विकला तर ‘बसला नाही’ म्हणून परत येणं कमी. शालीन, बंडखोर वगैरे नंतर कुणीतरी चिकटवतं. आणि खोटा फ्लॅप का? खिशाची पिशवी शिवायची म्हणजे कापड, वेळ, आणि एक बाई जास्तीची बसवायची. हजार शर्टांना हिशेब करा.

काजबटण
@टॉवेलपट्टी मग जेंट्स शर्टाला हजारांचा हिशेब का लागत नाही?

टॉवेलपट्टी
कारण खिसा नसला तर पुरुष घेत नाही. तुम्ही घेता.

काजबटण
(यावर दहा मिनिटं उत्तर सुचलं नाही. बरोबर आहे तुमचं, आणि म्हणूनच राग येतोय.)

विजापूर वेशीतून
सगळं वाचलं. मी जरा उलटं बोलणार आहे.

लांब बाही, बंद गळा, ढगळ कुर्ता, हे आमच्याकडे आजीच्या आधीपासून आहे. तेव्हा त्याला ट्रेंड कुणी म्हटलं नाही, मागासलेपणा म्हटलं. मग 2016 मध्ये डोल्चे अँड गब्बाना या इटलीच्या फॅशन कंपनीने अबाया (अंगभर सैल झगा) आणि हिजाबचं कलेक्शन काढलं, 2017 मध्ये नाइकीने खेळाडूंसाठी हिजाब आणला, लंडन-इस्तंबूलला शो होऊ लागले. बाजाराला कळलं की या बायकांकडेही पैसे आहेत. लगेच नाव मिळालं, मॉडेस्ट फॅशन.

माझ्याकडे एक आकाशी ऑक्सफर्ड शर्ट आहे, भावाच्या मापाचा, गुडघ्याच्या जरा वर येतो. खाली रुंद काळी पँट. कॉलेजात शिकवते. केस मोकळे सोडून मैत्रिणीकडे गेले तर तिची मुलगी म्हणते, “मावशी, काय कूल दिसतेस.” त्याच शर्टावर स्कार्फ बांधून एसटीत बसले तर शेजारची बाई हळूच विचारते, “घरचे जबरदस्ती करतात का हो?” शर्ट तोच. बटणंही तीच.

काजबटण ताई, तुम्हाला झाकायचं नाही, ठीक आहे. मला झाकायचंय. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला बरं वाटतं म्हणून. तुम्ही ‘झाकणं’ हा शब्द असा वापरताय जणू ती फसवणूकच. खोट्या फ्लॅपचा राग जरूर करा, पण माझ्या बाहीला त्या फ्लॅपच्या रांगेत बसवू नका. आणि हो, खिसा मलाही हवाय.

काजबटण
मान्य. घाईत लिहून गेले. माझा राग शब्द विकणाऱ्यावर आहे, घालणारीवर नाही. पण एक विचारते, रागावू नका. दुकानदार ‘शालीन’ म्हणतो तेव्हा त्याच्या शेजारी टांगलेला बिनबाह्यांचा कुर्ता आपोआप अशालीन ठरत नाही का? तुमच्या निवडीची पाटी दुसऱ्या बाईवर आरोप होते, त्याचं काय?

विजापूर वेशीतून
होते. आणि ‘मॉडर्न’ ही पाटी गेली कित्येक वर्षं माझ्यावर आरोप आहे, त्याचं काय? दोन्ही पाट्या काढायला तयार असाल तर मी पहिली शिडी धरते.

पूर्व भागातली
काढू नका! प्लीज. माझं ऐका आधी.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर होते. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. बारावीपासून पँटसाठी भांडतेय. जीन्स म्हटलं की वडील गप्प, दादा चालू. या दिवाळीला मी मोबाइलवर रुंद पँट आणि लांब शर्टाचे फोटो दाखवले आणि म्हणाले, नाना, हे बघा, शालीन असतं हे. ड्रेसपेक्षा जास्त झाकतं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, आईला बोलावून दाखवलं. आई म्हणाली, ही तर पायजम्यासारखीच आहे की. झालं! दुसऱ्या दिवशी चाटी गल्लीतून कापड आणलं.

तुम्हाला तो शब्द टोचतो कारण तुम्हाला आता कुणाची परवानगी लागत नाही. मला लागते. त्या एका शब्दावर मी पँट मिळवलीय. सिटी बसमध्ये चढताना काय फरक पडतो ते तुम्हाला सांगायला नको.

काजबटण
तुझं वाचून गप्प झाले. पण काळजी वाटते म्हणून विचारते. ज्या शब्दावर पँट मिळाली, उद्या त्याच शब्दावर काढून घेतली तर? ‘आता ही नको, ही जरा कमी शालीन आहे’ म्हणून?

पूर्व भागातली
तेव्हा पगार माझा असेल ताई.

सात रस्ता आठवा मी
बास! हिला कुणीतरी शेंगाचटणी पाठवा रे.

पुण्यातला सोलापूरकर
तरी माझा प्रश्न उरतोच. वडिलांना पटवायला तात्पुरतं खोटं बोलणं वेगळं आणि शाळा-कॉलेजांनी त्याच शब्दात नियम करणं वेगळं. 2021 च्या डिसेंबरात केरळात बालुश्शेरीच्या सरकारी शाळेत मुलामुलींना सारखाच शर्ट-पँट गणवेश केला. तिथेही वाद झालाच: एक बाजू म्हणे समानता, दुसरी म्हणे मुलींवर पुरुषी कपडे लादताय. मुलांना मुलींचा वेश मात्र दिला नाही. टॉवेलपट्टींचा ‘एकतर्फी का’ हा प्रश्न तेवढ्यापुरता बरोबर आहे.

टॉवेलपट्टी
चला, पुण्याचं सर्टिफिकेट मिळालं. आमच्याकडे सारखा गणवेश विचारणारे येतात अधूनमधून. कटिंगला सोपं, हे खरं. पण मुलीच्या पँटला मुलाचाच पॅटर्न लावला तर सीटवर, म्हणजे मागे बसायच्या भागावर, ओढते, हेही खरं.

बाळीवेसचा टेलर
मुद्द्याला हात घातला. मी जेंट्स टेलर, वडिलांपासून दुकान. मागच्या दोन वर्षांत मुली यायला लागल्या, आधी जेंट्सचा बोर्ड बघून दारातच थांबायच्या. माप घ्यायला मी मुलीला बोलावतो, टेप ती धरते, मी आकडे लिहितो.

सगळे म्हणतात, पुरुषाचा शर्टच मोठा करून द्या. तसं होत नाही ताई. चाळीस छातीचा जेंट्स शर्ट बाईच्या अंगावर घाला: तीरा (खांद्याची पट्टी) खाली उतरतो, मुंढा (बाही जोडायची जागा) लोंबतो, आणि खाली सीटवर येऊन अडकतो. सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या मधली फट. मग बायका आतून सेफ्टी पिन लावतात. वरून इंच मोजत काज टाकत गेलं की हे होणारच. आधी छातीच्या उंचीवर एक काज पक्कं करायचं, मग तिथून वर आणि खाली मोजायचं. बगलेखालून बारीक टक (शिवलेली चुणी) घ्यायचा, दिसत पण नाही. ढगळ शर्ट ढगळ दिसावा म्हणून जास्त शिवण लागते, कमी नाही.

पट्टीचं सांगतो. जेंट्सला बटणं उजवीकडे, लेडीजला डावीकडे. मी मुलींना विचारतो कुठली बाजू ठेवू. बहुतेक जणी म्हणतात, बाबांच्या शर्टासारखी ठेवा, हाताला सवय आहे. पँटचं म्हणाल तर 58 इंच पन्न्याच्या (रुंदीच्या) कापडात साध्या पँटला सव्वा मीटर पुरतं, या रुंद प्लीट्सच्या पँटला दीड धरा. पॉलिस्टर घेऊ नका, आपल्या उन्हात अंगाला चिकटतं. सुती नाहीतर लिनन. माया जास्त सोडतो, पुढे अंग भरलं तर उसवून वाढवता येते.

शालीन का बंडखोर ते तुम्ही ठरवा. माझ्याकडे येऊन आजवर कुणी शालीन शिवा म्हटलं नाही. खिसा मागतात.

कडक भाकरी
मास्तर, साडीच्या परकराला खिसा लावून मिळेल का? कनवट आता सैल पडायला लागलीय.

बाळीवेसचा टेलर
मिळेल की काकू. उजव्या बाजूला चेन टाकून देतो.

काजबटण
मास्तर, शनिवारी येते. पट्ट्यांचा शर्ट, फ्लॅप नको, छातीला एक आणि बाजूला दोन खरे खिसे. मापाला बाबांचा शर्ट आणू का?

बाळीवेसचा टेलर
शर्ट आणा, बाही आणि कॉलर त्यावरून घेऊ. आणि फोन आणा सोबत. खिसा त्याच्या मापाने कापतो.

पूर्व भागातली
मी पण येऊ का? ती पँट शिवली, पण खिसे द्यायला विसरले होते.