जस्ताच्या प्लेटवरचं एचिंग : चूक बाइटमध्ये की छपाईत?

नवशिकी :
कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 15 × 20 सेंमीची जस्ताची प्लेट, त्यावर हार्ड ग्राउंड (धातू झाकणारा मेणासारखा लेप), त्यात सुईनं रेषा काढून मोरचूद-मिठाच्या पाण्यात सलग 40 मिनिटं बाइट, म्हणजे उघड्या रेषा पाण्याला खाऊ देणं; त्या खाचांत शाई भरून छापायचं. पहिल्या प्रूफमध्ये (चाचणीच्या छापात) सगळीकडे राखाडी पडदा आहे. दाट क्रॉसहॅचिंग (एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचं जाळं) काळंभोर यायला हवं होतं, तिथे करडा चट्टा आला आणि फक्त त्याची कड काळी. काही रेषा मधेच तुटतात. कागद प्लेटच्या कडेला फाटतो. प्रेस घट्ट करू की प्लेट पुन्हा बाइट करू?

काळीशाई :
दोन्ही नको. आधी प्लेट टर्पेंटाइननं स्वच्छ पुसा आणि भिंगाखाली धरा. तुटलेली रेषा धातूत अखंड दिसत असेल तर दोष छपाईचा. धातूतच तुटलेली असेल तर सुईनं ग्राउंड पुरतं निघालेलं नाही. जस्त खरवडायचं नसतं, पण सुईच्या मागे धातू लखलखताना दिसला पाहिजे.

करड्या चट्ट्याचं कारण ते सलग 40 मिनिटं. मोरचुदाचं पाणी नुसतं खाली नाही, बाजूलाही खातं. दाट हॅचिंगमध्ये रेषांमधल्या भिंती पडतात आणि एक उथळ खड्डा उरतो. शाई धरायला भिंतच नाही, म्हणून पुसताना मधली शाई कापडाबरोबर जाते, कडेची तेवढी राहते. जास्त वेळ म्हणजे जास्त काळं, हे ठरावीक हद्दीपर्यंतच खरं.

त्याच पत्र्याचा एक तुकडा घेऊन त्यावर हॅचिंगसकट रेषा काढा. दर 5 मिनिटांनी बाहेर काढून, धुऊन, वाळवून 2 सेंमी पट्टा स्टॉप-आउट वार्निशनं झाका. हा तुकडा छापला की कुठली छटा किती मिनिटांत येते आणि भिंती कधी पडतात ते कळतं. मुख्य प्लेटवर सगळ्यात फिक्या रेषा आधी झाकायच्या, बाकीच्या पुन्हा पाण्यात. पुस्तकातले आकडे उसने घेऊ नका. पाणी ताजं की वापरलेलं आणि गार की कोमट, यावर वेळ बदलतो.

घोटीव :
छपाईचं मी सांगतो. राखाडी पडदा पुसण्यात राहिलेल्या शाईचा की धातूतल्या ओरखड्यांचा, हे ओळखायला प्लेटचा एक कोपरा खडूच्या भुकटीच्या कापडानं अगदी चकाचक करून छापा. कोपरा पांढरा आला तर तुम्ही कमी पुसताय. तिथेही राखाडीच आला तर पृष्ठभागच खरखरीत आहे, त्याला घोटण्याशिवाय इलाज नाही. एकसारखा पडदा नसून सुटे काळे ठिपके असतील तर ग्राउंड फुटून नको तिथे बाइट झालाय. बहुतेकदा प्लेटवर तेल राहिल्यामुळे. ग्राउंडआधी प्लेट खडूच्या भुकटीनं आणि अमोनियानं घासा. धुतल्यावर पाण्याचा सलग पापुद्रा राहिला पाहिजे, थेंब फुटले तर पुन्हा घासा.

शाई घट्ट असेल तर प्लेट किंचित कोमट करा, म्हणजे ती रेषेत उतरते. मग जाळीदार कापडाची सैल गुंडी गोल फिरवत पुसा. कापड रेषेत दाबलंत तर ते शाई उपसून काढतं. शेवटी तळहात, तोही प्लेटला जेमतेम टेकेल असा.

धातूत अखंड पण प्रिंटमध्ये तुटक रेषा बहुधा कोरड्या कागदानं येतात. 250–300 ग्रॅमचा सुती कागद 20–30 मिनिटं भिजवा, टिपकागदात दाबा. पाण्याची चकाकी गेली पाहिजे, गारवा राहिला पाहिजे. कागद फाटण्याचं मूळ प्लेटच्या कडेत आहे. कानशीनं चारही बाजू साधारण 45 अंशांत उतरवा, कोपरे गोलसर करा. धारदार कड प्रेसमधलं फेल्टही (कागदावरचं लोकरीचं जाड कापड) कापते. आणि कड उतरवल्याशिवाय दाब वाढवायचा नाही!

ताम्रपट :
मोरचुदाबद्दल कुणी बोललं नाही. एका लिटरला 50 ग्रॅम मोरचूद आणि तेवढंच मीठ पुरतं. बाइट चालू असताना रेषेत तपकिरी गाळ साचतो, तो सुटलेला तांब्याचा. तसाच राहिला तर खाली पाणी पोचत नाही आणि एकाच रेषेची खोली जागोजागी बदलते. मऊ ब्रशनं किंवा पिसानं हलकेच झाडत राहा. निळा रंग उतरला की पाणी संपलं समजा.

हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी हवीच. वापरलेलं पाणी मोरीत ओतू नका. धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला (फेस येतो, भांडं मोठं घ्या). तांबं साक्याच्या रूपात खाली बसतं, तो साका गाळून घातक कचऱ्यात द्या.

नवशिकी :
भिंगातून पाहिलं. रेषा अखंड आहेत, म्हणजे कागद कोरडा होता. हॅचिंगच्या भिंती मात्र खरंच पडल्यात. ती जागा वाचेल का?

काळीशाई :
वाचेल. त्या खड्ड्यात ॲक्वाटिंट करा. बाकी सगळं झाका, राळेची बारीक भुकटी बसू द्या, खालून ऊष्णता द्या. कण पारदर्शक, चकचकीत झाले की लगेच थांबा. एकमेकांत वितळले तर मोरचुदाच्या पाण्याला जागाच उरत नाही. मग थोडा वेळ बाइट. कणांभोवतीच्या बारीक खाचा शाई धरतात आणि काळं परत मिळतं. राळ उडवताना मास्क लावा. हवेतली धूळ पूर्ण खाली बसेपर्यंत जवळ ज्योत नको, ती धूळ भडकते.