पोट साफ करायच्या पावडरीबद्दल

भाऊ, तुम्ही विचारलं का दर महिन्याले पोट साफ करायची पावडर घेऊ का म्हणून, तं माझं मत, नका घेऊ. आतडं रोज आपलं आपण साफ होते, अन त्या पावडरीत बहुतेक सोनामुखी, म्हणजे जुलाब करणारा पाला, असते, कधीमधी ठीक हाय पण नेहमी घेतली तं जुलाबातून अंगातलं पाणी अन पोटॅशियम कमी होते, म्हाताऱ्या माणसाले तं जास्तच त्रास. आमच्या इकडे शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, ताटात भाकर जाऊन भात आला, खरी गोम तिथंच हाय. 100 ग्रॅम ज्वारीत 10 ग्रॅमच्या आसपास फायबर, म्हणजे पोट साफ ठेवणारा चोथा, पॉलिश तांदळात 3 पण नाही. भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी खा, पण जवस भाजून कुटूनच, अख्खं तसंच बाहेर पडते. हळूहळू वाढवा, नाहीतर गॅस धरते, अन पाणी भरपूर प्या. इसबगोल घ्यायचा तं मोठ्या गिलासभर पाण्यात कालवून लगेच प्या, ठेवलं का लगदा होते. अन संडासातून रक्त जात असन किंवा वजन उतरत असन तं हे काहीच करत बसू नका, सरळ डॉक्टरले दाखवा.