अनुभव धागा : वाद्य जवळ होते, घर नव्हते

दुसरी खुंटी

काल संध्याकाळी शहराच्या मध्यवर्ती भागातून चालत येताना एक तरुण व्हायोलिन वाजवताना दिसला. तो काय वाजवत होता हे आता आठवत नाही. परंतु पैशांसाठी उघडून ठेवलेल्या पेटीचे झाकण त्याने वाऱ्याच्या बाजूला उभे केले होते आणि पेटीच्या मुठीत ओवलेला पट्टा स्वतःच्या घोट्याला बांधला होता, हे पाहून मी थांबलो. हौसेने रस्त्यावर वाजवणारा माणूस पेटी घोट्याला बांधत नाही. मीही एकेकाळी चौदा महिने अशाच भागात बेघर राहिलो आणि वाजवत होतो.

लोकांना वाटते की अशा माणसाचा दिवस वाजवण्यात जातो. माझे वाजवणे जेमतेम तीन-चार तास होत असे, कारण त्यापुढे बोटेही साथ देत नसत आणि त्याच त्या चार धुना ऐकून कंटाळलेले दुकानदारही. उरलेला सगळा वेळ वाद्य सांभाळण्यात जाई. शौचालयात जायचे तर वाद्य कोणापाशी ठेवायचे, अंघोळीच्या रांगेत ते कोणाच्या नजरेखाली सोडायचे, झोपताना ते उशाला घ्यायचे की पोटाशी, हे रोज नव्याने ठरवावे लागे. मी पाठ भिंतीला लावून, पेटीच्या पट्ट्यात हात अडकवून झोपत असे. पाऊस आला की प्लॅस्टिक आधी पेटीवर चढे आणि त्यातून उरले तर माझ्यावर. दमट हवेत तारा ताणायच्या लाकडी खुंट्या फुगून अडकतात, कोरड्या थंडीत आक्रसून आपोआप सुटतात, आणि ज्या सरसाने सांधे जोडलेले असतात तो कडक उन्हात मऊ पडतो.

ज्यांनी असे दिवस काढले आहेत किंवा जवळून पाहिले आहेत, त्यांनी लिहावे.

रांगेतला

रात्रनिवाऱ्याची रांग राहिली. माझ्या वेळी खाट मिळवायची तर दुपार कलताच रांगेत उभे राहावे लागे, आणि कार्यालये सुटून लोक सैल हाताने पैसे टाकतात ती वेळही नेमकी तीच असे. खाट घेतली तर कमाई जाई, कमाई घेतली तर खाट जाई. त्यात आत एकच पिशवी नेण्याची परवानगी असल्यामुळे गिटार हे सामान आहे की पिशवी, यावर दारातल्या माणसाशी मी जितके वाद घातले, तितके रागांच्या शुद्धतेवरही कधी घातले नाहीत.

बासरीवाला

म्हणूनच शहाण्या माणसाने बासरी धरावी. ती बाहीत मावते आणि उशाखाली टोचत नाही. बेघर झाल्यावर तबला निवडणारा कोणी भेटला, तर मला अवश्य कळवा.

निनावी

मी गात असे, त्यामुळे तुझे वाद्य चोरीला जायचे नाही, असे सगळे म्हणत. ते खरे असले तरी माझ्या वाद्याला ना पेटी होती ना झाकण. वाहनांच्या धुरात श्वास घ्यायचा, उघड्यावर झोपून सकाळी घसा बसलेला असायचा, आणि दुपारचा आवाज शिल्लक राहावा म्हणून अर्धा दिवस कोणाशी बोलायचे नाही. परिणामी लोक मला गर्विष्ठ किंवा वेडी समजत. अंधार पडल्यावर मी कधीही गायले नाही. बाई एकटी कोठे आहे, हे आवाजावरून दुरूनही कळते, आणि मला झोपायचे असे त्या जागेपासून मी मुद्दाम बरीच दूर गात असे.

दुसरी खुंटी

ताई, ही गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातही आली नव्हती. मी रात्री निर्धास्तपणे वाजवत असे.

वाचकमात्र

मला स्वतःला असा अनुभव नाही, परंतु १२ जानेवारी २००७ रोजी सकाळी वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल यांनी साध्या कपड्यांत सुमारे ४३ मिनिटे व्हायोलिन वाजवले, तो प्रयोग आठवला. हातात १७१३ सालचे स्ट्रॅडिव्हॅरियस हे अतिशय मौल्यवान व्हायोलिन असताना, समोरून गेलेल्या १,०९७ लोकांपैकी अवघे सात जण थबकले. लोकांना संगीताची कदर नाही, हेच यातून दिसत नाही का?

रांगेतला

मला त्यात वेळ चुकलेली दिसते. सकाळी कामावर निघालेल्या गर्दीसमोर मुरलेला रस्तावादक सहसा उभा राहत नाही. ती वेळ झोप भरून काढण्याची किंवा वाचनालयाचे दार उघडण्याची वाट पाहण्याची असते. जेथून लोक धावत जातात तेथे नव्हे, तर जेथे त्यांना सिग्नलसाठी किंवा रांगेसाठी थांबावेच लागते तेथे वाजवायचे असते.

काचेच्या दारामागे

मी एका इमारतीत पहारेकरी होतो. आमच्या ओट्यावर बसणाऱ्या एका गिटारवाल्याला रोज सकाळी उठवणे हे माझे काम होते आणि ते मी केले. तो भांडत नसे. फक्त तारा पुसून गिटार पिशवीत घालेपर्यंत थांबा, असे सांगत असे, कारण दवाने पोलादी तारा गंजतात. मी थांबत असे. एकदा वरिष्ठांनी हे पाहिले आणि मला ताकीद मिळाली. दुसऱ्या दिवशी मी थांबलो नाही, आणि त्यानंतर तो तेथे आला नाही.

निनावी

आपण हे लिहिलेत, हे बरे केलेत.

सुटे पैसे

आता नाणी कोणाच्याच खिशात नसतात. वादकाने फोनवर पैसे घ्यायचे म्हटले तर बँकेचे खाते हवे, खात्याला कागदपत्रे हवीत, कागदपत्रांवर पत्ता हवा, आणि एवढे जमले तरी फोन चार्ज करायला भिंतीतले एक छिद्र हवे. माझ्या ओळखीचा एक वादक वाचनालयात तासन्‌तास बसे तो पुस्तकांसाठी नव्हे, त्या छिद्रासाठी.

जुनी घोडी

मी वाद्ये दुरुस्त करतो. लॉस एंजेलिसच्या नॅथॅनियल एअर्स यांची हकीकत अनेकांना ठाऊक असेल. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित संगीतशाळेत शिकलेला हा वादक २००५ साली एका वृत्तपत्राच्या स्तंभलेखकाला रस्त्यावर दोनच तारा उरलेले व्हायोलिन वाजवताना भेटला. लेख वाचून लोकांनी वाद्ये पाठवली, आणि लगेच प्रश्न उभा राहिला तो वर धागाकर्त्यांनी मांडला आहे तोच : फुटपाथवर राहणाऱ्या माणसाने ती ठेवायची कोठे? अखेर ती एका आधारसंस्थेत ठेवण्याची आणि त्यांनी तेथे येऊन वाजवण्याची व्यवस्था झाली.

बासरीवाला

त्या कालच्या मुलाला आपण काही दिलेत का?

दुसरी खुंटी

पैसे दिले. नंतर धीर करून विचारले की, मी दहा मिनिटे पेटीपाशी थांबतो, तुला कोठे जाऊन यायचे असेल तर जाऊन ये. त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि नको म्हणाला. त्याच्या जागी मी असतो, तर मीही नकोच म्हटले असते. उद्या तारा घेऊन जाण्याचा विचार आहे. जुन्या घोडींनी कोणती न्यावी, ते सांगावे.

जुनी घोडी

पूर्ण संच नेण्यापेक्षा सर्वांत बारीक तारेची तीन पाकिटे न्या, कारण बहुधा तीच आधी तुटते. गजाला घासायच्या राळेची एक वडीही न्या, पण ती कापडात गुंडाळून; उन्हात तापलेली राळ पेटीच्या अस्तराला चिकटली की निघता निघत नाही.