मदत हवी आहे: अगरूचं कोरीव पदक अस्सल आहे का, कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी. चीनमधल्या ग्वांगचौमध्ये अगरूच्या (सुगंधी राळ असलेल्या) लाकडात कोरलेलं क्वानयिन या बौद्ध करुणादेवीचं पदक बघून ठेवलंय. विक्रेता हायनान बेटावरचं सांगतो. कोरीवकाम अप्रतिम, वस्त्राच्या चुण्या तर बघतच राहाव्यात! पण रंग सगळीकडे एकसारखा काळा, आणि हातात घेताच वास भपकन येतो. झाडाला जखम होऊन बुरशी लागली की तिथे राळ साठते, म्हणजे अस्सल लाकडात तिच्या रेघा कमीजास्त दिसायला हव्यात ना? पाण्यात बुडतं, पण दाबून घट्ट केलेलं लाकूडही बुडतं. तापलेली सुई टोचून राळेचा वास तपासतात, पण एवढ्या सुंदर मूर्तीला ती टोचवत नाही. भिंगातून नेमकं काय पाहू? शिवाय अगरू साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये, म्हणजे नियंत्रित व्यापाराच्या यादीत आहे. भारतात आणताना कोणते कागद लागले, कुणी अनुभवाने सांगेल का?