मदत हवी आहे: पतसंस्थेचं जुनं स्विंगमधलं सॉफ्टवेअर मोबाईलवर कसं न्यावं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. लिहिलं दुसऱ्याच कुणीतरी २००९ साली, तो गडी केव्हाच पुण्याला गेला आणि हे लोढणं आता माझ्या गळ्यात. जावा स्विंग (जावा भाषेत डेस्कटॉपच्या खिडक्या-बटणं बनवायचं साधन), नेटबीन्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये माऊसने ओढून बनवलेले फॉर्म, मागे मायएसक्यूएल डेटाबेस, सगळ्या मिळून १४० च्या आसपास स्क्रीन. काउंटरवर मात्र झकास चालतं. कॅशियर मॅडम माऊसला हातसुद्धा लावत नाहीत, एफ-२ नवीन पावती, एंटर एंटर एंटर, एफ-५ सेव्ह, गिऱ्हाईक मोकळं.

आता चेअरमनसाहेबांचं फर्मान निघालंय की पिग्मी एजंटांना मोबाईलवर "हेच" पाहिजे आणि संचालकांना घरबसल्या ब्राउझरमध्ये. एजंट २२ आहेत, सगळ्यांकडे साधे अँड्रॉइड फोन, सकाळी बाजारपेठेत फिरतात, दुपारनंतर वाड्यावस्त्यांवर, तिथे रेंज असली तर असली.

मी आधी अँड्रॉइड स्टुडिओत प्रोजेक्ट उघडून जुना कोड ओतला तर सगळीकडे लाल, कारण अँड्रॉइडमध्ये जावा लिहिता येत असली तरी स्विंग आणि त्याच्या खालचं एडब्ल्यूटी तिथे नाहीतच (माझा बाळबोध समज होता की जावा म्हणजे जावा). मग कुणीतरी ॲप्लेट (ब्राउझरच्या पानात प्लगइनने चालणारा जावा प्रोग्रॅम) सुचवलं. क्रोमने तसल्या प्लगइनचा सपोर्ट २०१५ मध्ये काढला, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, आणि वेबवरून जावा प्रोग्रॅम उतरवून चालवणारं जावा वेब स्टार्टही जावा ११ पासून गेलं, म्हणजे तो रस्ताच बुजला. मग चीर्पजे नावाचं सापडलं, ते जार फाईल (बांधून तयार झालेला जावा प्रोग्रॅम) जशीच्या तशी ब्राउझरच्या टॅबमध्ये चालवतं. रात्री साडेअकराला लॉगिनचा फॉर्म टॅबमध्ये उघडला तेव्हा मी एवढ्यांदा ओरडलो की बायको उठून आली. पासवर्ड टाकला, ओके दाबलं, आणि डेटाबेस काय जोडेना.

शेवटी वेबस्विंग लावून बघितलं. त्यात प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालतो आणि ब्राउझरला फक्त चित्र जातं. सगळं चाललं! पण फोनवर उघडलं तर १०२४ बाय ७६८ चा फॉर्म तळहाताएवढ्या स्क्रीनवर, सेव्हचं बटण तिळाएवढं, आणि कीबोर्ड वर आला की रकमेचा रकानाच झाकला जातो.

तर १४० स्क्रीन परत न लिहिता हे होईल का? कुणी केलंय का?

भडंगप्रेमी:
डेटाबेस जोडला नाही ते बरंच झालं. ब्राउझर पानाला कच्चं टीसीपी सॉकेट (दुसऱ्या मशीनशी थेट जोडणी) उघडू देत नाही, म्हणून जेडीबीसी (जावाची डेटाबेसशी बोलायची सोय) तिथे थेट चालत नाही, मधे एचटीटीपीवर बोलणारी सर्व्हिस लागतेच. आणि वैतागून मायएसक्यूएलचं ३३०६ पोर्ट इंटरनेटला उघडं टाकू नका हो, लोकांच्या ठेवी आहेत त्यात.
बाकी एफ-५ ची गंमत सांगतो. ब्राउझरमध्ये एफ-५ म्हणजे पान रीलोड. आमच्याकडे एका बाईंनी सवयीने दाबलं आणि अर्धी भरलेली एंट्री गेली. ते जावास्क्रिप्टने अडवता येतं, पण कंट्रोल-डब्ल्यू क्रोमच्या साध्या टॅबमध्ये अडवता येत नाही, टॅब बंद होणारच.

सी_प्लस_चहा:
आमचं सॉफ्टवेअर क्यूटीचं (सी++ मधलं स्विंगसारखं साधन) होतं, वेबअसेंब्लीत (कंपाईल केलेला कोड ब्राउझरमध्ये चालवायची सोय) नेलं, थोडा अनुभव लिहितो. क्यूटी ५.१३ पासून हे अधिकृतपणे जमतं, पण "कंपाईल झालं" आणि "चाललं" यात आमचे तीन महिने गेले. आमच्या कोडमध्ये शंभर ठिकाणी असं होतं की "खात्री आहे का?" हा डायलॉग उघडायचा, तिथेच थांबायचं, आणि उत्तर आलं की पुढची ओळ. डेस्कटॉपवर तो डायलॉग आतल्या आत स्वतःचा इव्हेंट लूप (क्लिक आणि कळा टिपत राहणारं चक्र) फिरवतो. ब्राउझरमध्ये पानाचं सगळं काम चालवणारा मुख्य थ्रेड अडवला की पानच गोठतं, ना क्लिक ना चित्र. थांबवण्यासाठी असिंकिफाय म्हणून सोय आहे पण फाईल फुगते, म्हणून आम्ही ते सगळे डायलॉग फोडून "उत्तर आल्यावर हे कर" असे लिहिले. दुसरं म्हणजे मराठी अक्षरांच्या जागी चौकोन, कारण त्याला मशीनवरचे फॉन्ट दिसत नाहीत, देवनागरी फॉन्ट सोबत द्यावा लागला. शिवाय सगळं कॅनव्हासवर चित्रासारखं रंगवलेलं, त्यामुळे कंट्रोल-एफने खातेदाराचं नाव शोधलं तर सापडत नाही.
आणि क्यूटीचं लायसन्स बघा, डेस्कटॉपला एलजीपीएल चालतं (आपला कोड बंद ठेवता येतो), वेबअसेंब्लीला जीपीएल (आपलाही कोड खुला द्यावा लागतो) नाहीतर पैसे.

वारणाकाठ:
दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चेअरमनसाहेब "हेच" म्हणाले म्हणून तुम्ही १४० स्क्रीन मोजत बसलाय. पिग्मी एजंटाला काय लागतं? खाते नंबर, नाव, मागची शिल्लक, आजची रक्कम. झालं, एक स्क्रीन! त्याला स्विंगची टेबलं आणि राइट क्लिकचे मेनू फोनवर देऊन तो करणार काय, एका हातात पैसे आणि एका अंगठ्याने टाइप करणारा माणूस तो. बटण निदान ४८ डीपीचं (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) हवं ही अँड्रॉइडवाल्यांची शिफारसच आहे. वेबस्विंग रेंज नसलेल्या वस्तीवर तसंही उघडणार नाही.
काउंटर आहे तसं ठेवा, पासबुक प्रिंटरही तिथेच आहे. संचालकांना रिपोर्ट बघायला वेबस्विंग पुरे, पाच-सात माणसं आणि तीही लॅपटॉपवर. एजंटांसाठी छोटं वेगळं ॲप, जे रेंज नसताना फोनमध्येच साठवेल. आता खरं सांगा, व्याजाचं गणित कुठे आहे? वेगळ्या क्लासमध्ये (कोडच्या स्वतंत्र तुकड्यात), की बटणाच्या आत?

धागाकर्ता:
पकडलंत. बटणाच्या आत आहे 😀 सेव्हच्या ॲक्शन परफॉर्म्डमध्ये (बटण दाबल्यावर चालणारा कोड) ४०० ओळी, टेक्स्टबॉक्समधून रक्कम उचलतो, तिथेच व्याज काढतो, तिथेच एसक्यूएल लिहितो, तिथेच लेबलचा रंग हिरवा करतो.

वारणाकाठ:
मग तुमचं काम तिथे आहे. पिग्मीचं तेवढं बाहेर काढा, ज्यात स्विंगचा एकही इंपोर्ट नाही असा क्लास, रक्कम बिगडेसिमलमध्ये (दशांश अचूक ठेवणारा जावाचा प्रकार). तोच क्लास काउंटरला, सर्व्हरला आणि अँड्रॉइडलाही चालतो, जावाच आहे ना. आधी जुन्या पावत्या त्यातून काढून पैशापैशाने जुळतात का बघा, मगच ॲपला हात लावा.

धागाकर्ता:
हे पटलं. रविवारी बसतो. एकच शंका, रेंज नसताना दोन एजंटांनी एकाच वेळी पावती फाडली तर नंबर सारखा येणार ना? आत्ता नंबर डेटाबेस देतो.

भडंगप्रेमी:
प्रत्येक एजंटाला त्याची स्वतःची मालिका द्या, आधी एजंट कोड मग नंबर. कागदी पावती पुस्तकं वाटताना तुम्ही तेच करत होता की.

धागाकर्ता:
हो की राव. कपाटात अजून ती पुस्तकं पडलीत, उद्या काढून बघतो कोड किती आकडी होता.